भाजी महागली म्हणजे महागाई आली का?

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



मागच्या सभेनंतर चहाच्या वेळी जो वाद झाला, त्याची शिक्षा म्हणून आज मला येथे उभे केले आहे. जे त्या दिवशी लवकर गाडीला गेले त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपले गुरुजी म्हणाले, "डाळ, तेल, भाजी महागली की समजायचं, आता सगळंच महागणार. पोट आधी, बाकी सगळं मागून." त्यावर दुकानवाले काका म्हणाले, "गुरुजी, टोमॅटो आज शंभरावर जातो आणि दोन महिन्यांनी त्याला कुत्रं विचारत नाही. ती कसली महागाई? तो हंगाम." वाद वाढला, चहा निवला, आणि अध्यक्षांनी माझ्याकडे बोट दाखवले, "हा बँकेत असतो, याला विचारा."

बँकेत असणे आणि अर्थशास्त्र कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी तेव्हाच सांगितले होते. कॉमर्सची पदवी आणि काउंटरच्या आतून पाहिलेली माणसे एवढेच माझे भांडवल. तरीही विषय महत्त्वाचा आहे. गुरुजी खरे की काका खरे, याच प्रश्नावर दिल्ली-मुंबईत व्याजाचे दर ठरतात, कांद्याची निर्यात बंद होते, सरकारेसुद्धा पडतात. आणि त्याचा परिणाम शेवटी आपल्या कुंभारवाड्याच्या, गुंदच्या, रामनगरच्या घरापर्यंत येतो. म्हणून मला जेवढे कळते तेवढे मांडतो. चुकले तर गुरुजींनी कान धरावा, त्यांना तशी सवय आहे.

शब्द आधी नीट करून घेऊ

आपण बोलताना भाववाढ, महागाई आणि चलनवाढ हे तीन शब्द एकाच अर्थाने वापरतो. एखाद्या वस्तूचा दर चढला तर ती भाववाढ. बहुतेक वस्तूंचे आणि कामांचे दर एकत्र आणि सतत चढत राहिले, म्हणजे रुपयाचीच किंमत उतरत गेली, तर ती महागाई. चलनवाढ हा त्यावरचा पुस्तकी शब्द, आणि त्या शब्दातच एक मत दडलेले आहे की बाजारात पैसा जास्त झाला म्हणून दर चढले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा होता की रुपया स्थिर करायचा तर त्यात माल किती येतो ते स्थिर करा. परदेशी चलनाशी त्याचा दर काय, ही त्यानंतरची गोष्ट. शंभर वर्षे झाली, पण प्रश्न तोच आहे. रुपयात माल किती येतो? आणि 'माल' म्हणजे कोणता माल? येथेच गुरुजी आणि काका यांचा वाद सुरू होतो.

टोपलीचा हिशेब

सरकार महागाई मोजते ती एका काल्पनिक टोपलीवरून. सामान्य घर कशावर किती खर्च करते हे पाहून प्रत्येक वस्तूला वजन दिले जाते. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेली टोपली दहा वर्षांहून अधिक काळ चालली. तीत खाण्यापिण्याच्या वस्तूंचे वजन १०० पैकी ४५.८६ होते. पण खेड्यासाठी आणि शहरासाठी वजने वेगळी होती, खेड्यात ५४.१८ आणि शहरात ३६.२९. आता २०२४ हे पायाभूत वर्ष धरून नवी टोपली आली आहे आणि तीत अन्नाचे वजन खाली आले आहे, कारण लोकांचा इतर खर्च वाढला आहे.

या आकड्यांचा अर्थ साध्या उदाहरणाने सांगतो. महिन्याला दहा हजार खर्च करणारी दोन घरे घ्या, एक खेड्यातले आणि एक शहरातले. बाकी सगळे दर जागच्या जागी राहिले आणि फक्त खाणे ११ टक्क्यांनी महागले. जुन्या वजनांप्रमाणे खेड्यातल्या घराला तोच बाजार भरायला सुमारे ५९६ रुपये जास्त लागतील, शहरातल्या घराला सुमारे ३९९. म्हणजे एकाच भाववाढीने एका घराची महागाई सहा टक्के झाली आणि दुसऱ्याची चार. तेव्हा "देशाची महागाई इतके टक्के" हा आकडा ऐकताना आपला आकडा त्याहून वेगळा असतो हे ध्यानात ठेवावे.

आता काकांची बाजू. कांदा, बटाटा आणि टोमॅटो या तिघांचे त्या टोपलीतले वजन मिळून २.२ टक्क्यांच्या आसपास होते. एवढ्याशा वजनाच्या तीन वस्तू, पण वर्तमानपत्राचे पहिले पान त्यांचेच. म्हणजे काका म्हणतात त्यातही तथ्य आहे. ओरड मोठी, वजन लहान.

काकांचा पुरावा : २०२३ चा टोमॅटो

२०२३ चा जुलै आठवा. टोमॅटोचे दर वर्षभरात तिपटीवर गेले. भाजीपाला एकूण ३७ टक्क्यांनी महागला, अन्नधान्याची महागाई ११.५१ टक्के आणि एकूण महागाई ७.४४ टक्के झाली. रिझर्व्ह बँकेला सरकारने घालून दिलेले उद्दिष्ट ४ टक्क्यांचे, फार तर ६. म्हणजे मर्यादा ओलांडली. अनेकांना वाटले की आता व्याजदर चढणार. रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५ टक्क्यांवर तसाच ठेवला. काय झाले? ऑगस्टमध्ये महागाई ६.८३, सप्टेंबरमध्ये ५.०२, ऑक्टोबरमध्ये ४.८७. नवे पीक आले, टोमॅटो उतरला. अन्न आणि इंधन वगळून जी महागाई उरते, जिला गाभ्याची महागाई म्हणतात, ती त्या काळात चढण्याऐवजी उतरत होती.

पुढच्या वर्षी तसेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या ४२ टक्क्यांनी महागल्या, एकूण महागाई ६.२१ टक्के झाली. पण गाभा चार टक्क्यांच्या आत होता. आणि बरोबर एक वर्षाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, अन्नाचे दर आदल्या वर्षापेक्षा पाच टक्क्यांनी खाली, आणि एकूण महागाई अवघी ०.२५ टक्के. २०१२ च्या मालिकेतला तो सर्वांत खालचा आकडा.

म्हणजे काका जिंकले? थांबा.

गुरुजींचा पुरावा : २००९ ते २०१३

२००९ साली पाऊस सरासरीपेक्षा २२ टक्क्यांनी कमी पडला. त्या वर्षाच्या मध्यावर घाऊक दरांची एकूण महागाई शून्याखाली होती. डिसेंबरच्या सुरुवातीला मात्र घाऊक बाजारात अन्नपदार्थांची महागाई २० टक्क्यांना टेकली. तेव्हाही पुष्कळ जाणकार काकांसारखेच म्हणत होते की हा पावसाचा प्रकार आहे, पुढचे पीक आले की उतरेल.

उतरले नाही. पुढचा पाऊस चांगला झाला तरी डाळ, दूध, अंडी, मासळी चढतच राहिली. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सुबीर गोकर्ण यांनी २०१० मध्ये एका भाषणात हेच दाखवले. लोकांच्या हातात थोडा पैसा आला की ते भातावरून डाळीकडे, दुधाकडे, मांस-मासळीकडे वळतात. मागणी वाढली आणि उत्पादन त्या वेगाने वाढले नाही, तर एका पावसाने ते दुरुस्त होत नाही. शिवाय २००८ च्या जागतिक मंदीनंतर सरकारने खर्च वाढवला होता, व्याजदर खाली होते आणि खेड्यातली मजुरीही वेगाने वाढत होती. सुकलेल्या गवतावर ठिणगी पडली. आपल्याला वणवा काय असतो ते सांगायला नको. ठिणगी भाजीची असते, पण जंगल पेटते ते गवत सुकलेले असेल तर.

मग रिझर्व्ह बँकेने मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ या काळात तेरा वेळा रेपो दर वाढवला, ४.७५ वरून ८.५ टक्क्यांवर नेला. तरीही नोव्हेंबर २०१३ मध्ये ग्राहक दरांची महागाई ११ टक्क्यांवर होती, आणि तोवर कपडे, भाडे, डॉक्टर, शाळा सगळेच चढले होते. गुरुजी म्हणतात तसेच झाले. पोट आधी, बाकी मागून.

या अनुभवातूनच जानेवारी २०१४ मध्ये ऊर्जित पटेल समितीने सांगितले की घाऊक दर बाजूला ठेवून ग्राहकाच्या टोपलीवर धोरण ठरवा. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती झाली, सहा जणांची पतधोरण समिती आली, आणि चार टक्क्यांचे उद्दिष्ट, दोन वर दोन खाली अशी सूट, हे ठरले.

त्याही आधीचा धडा

ज्येष्ठांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. त्या काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांना रस्त्यावर आणले. लाटणे मोर्चा म्हणतात तो हाच. प्रश्न धान्य, तेल, रॉकेलचा होता. त्यानंतर १९७३ मध्ये जगात खनिज तेल भडकले, आणि १९७४-७५ मध्ये घाऊक दरांतली वाढ २५ टक्क्यांच्या घरात गेली.

तेव्हा सरकारने काय केले हे आम्हा नोकरदारांनी विसरता कामा नये. १९७४ मध्ये आधी वटहुकूम आणि मग कायदा करून वाढीव पगाराची सगळी आणि वाढीव महागाई भत्त्याची निम्मी रक्कम सक्तीने ठेव म्हणून कापून घेतली. विचार असा होता की अन्न महागले म्हणून भत्ता वाढतो, भत्ता वाढला म्हणून मालाला मागणी वाढते, मागणी वाढली म्हणून दर पुन्हा चढतात, तर ही साखळी पगाराच्या कडीपाशी तोडायची. साखळीचे निदान बरोबर होते, पण तोडायला कडी निवडली ती पगारदाराची.

मग खूण कोणती?

या सगळ्यावरून मला एवढे समजले की अन्नाची भाववाढ ही कधी महागाईची खूण असते, कधी नसते. ओळखायचे कसे? मी स्वतः तीन प्रश्न विचारतो. ते घरी बसून कोणालाही विचारता येतात.

पहिला प्रश्न : किती दिवस? कोथिंबीर, टोमॅटो, हिरवी मिरची जूनच्या अखेरीस चढते आणि गणपतीनंतर उतरायला लागते, हे आपल्याला माहीत आहे. बेळगावकडची भाजी आपल्याकडेही येते आणि अनमोड, चोर्ल्याच्या घाटांतून गोव्यालाही जाते. पावसात माल कमी आणि गिऱ्हाईक तेवढेच, तर दर चढणारच. एका हंगामात उतरले तर ते भाववाढ. दोन पिके येऊन गेली तरी उतरले नाही तर सावध व्हावे.

दुसरा प्रश्न : किती वस्तू? एकटा कांदा असेल तर कांद्याची गोष्ट. पण तांदूळ, डाळ, तेल, दूध हे सगळे एकत्र चढत असतील तर त्यामागे पावसाहून मोठे कारण आहे. दुधाचेच पाहा. नंदिनीचे दूध ऑगस्ट २०२३ मध्ये लिटरला तीन रुपयांनी वाढले, जून २०२४ मध्ये पिशवीत ५० मिली दूध वाढवून दर दोन रुपयांनी वाढवला, आणि एप्रिल २०२५ मध्ये आणखी चार रुपये. टोमॅटो उतरतो, दूध उतरल्याचे कोणी पाहिले आहे का? चारा, पेंड, गोळा करायचा खर्च, हे एकदा चढले की तेथेच राहतात.

तिसरा प्रश्न, आणि हा सर्वांत महत्त्वाचा : ती वाढ अन्नातून बाहेर पडली का? न्हाव्याचा दर, गवंड्याची मजुरी, खानावळीतली थाळी, गाडीचे तिकीट यांत ती उतरली का? येथे बसलेल्यांना ठाऊक आहे की कर्नाटकात ५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे तिकीट १५ टक्क्यांनी वाढले. भगिनींना शक्ती योजनेत तिकीटच नाही, त्यामुळे ही वाढ आम्हा पुरुषांनाच कळली, एवढाच विनोद. तिकीट चढले ते डिझेल, सुटे भाग आणि पगारामुळे, टोमॅटोमुळे नव्हे. आणि थाळीचा दर टोमॅटो चढल्यावर वाढवणारा खानावळवाला टोमॅटो उतरल्यावर कमी करत नाही. अशा वेळी भाजीची भाववाढ महागाईच्या घरात मुक्कामाला आली असे समजावे.

याच कारणामुळे लोकांच्या मनातली महागाईही मोजावी लागते. रिझर्व्ह बँक शहरांतल्या कुटुंबांना नियमितपणे विचारते की तुमच्या मते महागाई किती. लोक सांगतात तो आकडा सरकारी आकड्यापेक्षा नेहमी मोठा असतो. लोक खोटे बोलत नाहीत. रोज जे विकत घेतो तेच माणसाला आठवते. टीव्ही दहा वर्षांनी घेतो, कांदा आठवड्याला. आणि मनात महागाई बसली की माणूस मजुरी जास्त मागतो, दुकानदार दर आधीच वाढवून ठेवतो. भीतीने खरी महागाई येते. जानेवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या मासिकात तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर मायकेल पात्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न विचारला होता की भारतात महागाईचा खरा गाभा अन्न हाच तर नव्हे?

एक गैरसमज जाता जाता दूर करतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाई ०.२५ टक्के झाली, म्हणजे स्वस्ताई आली असे नव्हे. महागाईचा दर म्हणजे चढण्याचा वेग. १०० ची वस्तू ११० झाली आणि पुढच्या वर्षी ११० रुपये २८ पैसे झाली, तर वेग पाव टक्का आला, पण खिशातून ११० च जातात. आणि त्या महिन्यातही गाभ्याची महागाई चार टक्क्यांवर होती. म्हणजे जसे अन्न महागले म्हणून सगळे महागले असे नाही, तसे अन्न उतरले म्हणून सगळे उतरले असेही नाही. हा नियम दोन्ही बाजूंनी लागू आहे.

याचे राजकारण

आता मंडळाच्या कामाचा भाग. जुलै २०२४ च्या आर्थिक पाहणीत केंद्राच्या मुख्य आर्थिक सल्लागारांनी सुचवले की महागाईचे उद्दिष्ट अन्न वगळून ठरवण्याचा विचार व्हावा. व्याजदराने टोमॅटो पिकत नाही, मग टोमॅटोसाठी कर्ज महाग का करायचे? पुढच्याच महिन्यात तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी उलट बाजू मांडली की सामान्य माणसाला महागाई अन्नातूनच कळते, तिच्याकडे पाठ फिरवता येणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच चर्चापत्र काढून हा प्रश्न लोकांसमोर ठेवला.

दोन्ही बाजूंचा खर्च कोणाला पडतो ते पाहू. व्याजदर चढला तर? एप्रिल २०२२ मध्ये रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ झाला. अडीच टक्क्यांचा फरक. पंधरा वर्षांच्या मुदतीने दहा लाखांचे घरकर्ज सात टक्क्यांनी घेतले तर हप्ता ८,९८८ रुपये बसतो, साडेनऊ टक्क्यांनी १०,४४२. महिन्याला साडेचौदाशे रुपये. काउंटरवर येऊन "साहेब, मी एकही हप्ता चुकवला नाही, मग मुदत का वाढली?" असे विचारणाऱ्या शिक्षकाला मी काय सांगणार? म्हणून दर भाजीच्या ओरडीसरशी चढवू नये, हे मला मान्य आहे.

पण अन्न मोजणीतूनच काढून टाकावे हे मला मान्य नाही. २०२३-२४ च्या घरखर्च पाहणीत खेड्यातल्या माणसाच्या खर्चातला ४७ टक्के वाटा अन्नाचा निघाला. निम्मा खर्च वगळून जी महागाई मोजाल ती कोणाची? ती पगारदाराची. आणि पगारदार म्हणजे मी. माझा महागाई भत्ता सिमल्याच्या लेबर ब्युरोच्या निर्देशांकावर दर तिमाहीला ठरतो. त्या निर्देशांकातसुद्धा अन्नाचे वजन ३९ टक्के आहे. म्हणजे कांदा चढला तर काही महिन्यांनी का होईना, माझ्या पगारात त्याचा थोडा अंश येतो. काउंटरच्या पलीकडे उभा असलेला आमचा कुणबी भाऊ, गवंड्याच्या हाताखालचा पोर, घरकाम करणारी मावशी, यांना कोणता भत्ता? रोजगार हमीचा कर्नाटकातला रोज २०२४-२५ मध्ये ३४९ आणि २०२५-२६ मध्ये ३७० रुपये होता. तो वर्षातून एकदा बदले, आणि जुलैत टोमॅटो चढला तर पुढच्या एप्रिलची वाट पाहावी लागे. ज्याच्याकडे भत्ता नाही त्याच्यासाठी भाववाढ आणि महागाई हा फरक पुस्तकातला आहे. दोन महिन्यांची भाववाढ त्याला तारण सोन्यापर्यंत आणते, आणि सोन्यावरचे व्याज टोमॅटो उतरला तरी उतरत नाही. गुरुजींच्या बोलण्यातले हे सत्य कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

तिसरी बाजू पिकवणाऱ्याची. महागाई रोखण्याचा सोपा उपाय म्हणून सरकार निर्यात बंद करते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठवली आणि शुल्क पूर्ण जायला एप्रिल २०२५ उजाडला. लासलगावला भाव कोसळले, नाशिककडचा शेतकरी रस्त्यावर आला. १९९८ मध्ये कांदा महागला म्हणून दिल्लीत सरकार गेले, २०२४ च्या निवडणुकीत कांदा स्वस्त केला म्हणून नाशिकच्या कांदापट्ट्यात सत्ताधाऱ्यांना फटका बसला. कांदा दोन्हीकडून रडवतो. शिवाय ग्राहक देतो त्या रुपयातले शेतकऱ्याला मिळतात किती? २०२४ मध्ये निघालेल्या रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासनिबंधांप्रमाणे टोमॅटोत सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६, बटाट्यात ३७. बाकी वाटेत जातात. आपण जुनी घराणी. आपल्याकडे भात आहे, सुपारी आहे, काजू आहे. आपण विकणारेही आहोत आणि घेणारेही. स्वस्ताई मागताना ती कोणाच्या जिवावर मागतो हे आपल्याला तरी कळले पाहिजे.

आपण काय करावे?

मोठ्या धोरणावर आपले किती चालणार? पण तालुक्याच्या पातळीवर तीन गोष्टी मंडळाने ठरावाने मांडाव्यात असे मला वाटते.

एक, गोव्यात राज्य फलोत्पादन महामंडळ आपल्याच बाजूची बेळगावची भाजी घेऊन गावोगावच्या गाळ्यांतून सवलतीत विकते. आपल्या डोळ्यांसमोरून ती भाजी घाट उतरते. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी तरी तालुक्यातल्या मोठ्या गावांत अशी विक्री व्हावी, ही मागणी आमदार आणि जिल्हा पंचायत यांच्याकडे करावी.

दोन, रेशन. केंद्राने जादा तांदूळ विकायला नकार दिला, तेव्हा २०२३ च्या जुलैपासून राज्याने अन्नभाग्य योजनेत माणशी १७० रुपये खात्यावर दिले. पुढे २०२५ मध्ये पैशांऐवजी पुन्हा तांदूळ आला. पैसे चांगले की तांदूळ, यावर आपल्या मंडळात मतभेद आहेत. माझे मत असे की भाव चढत असतील तेव्हा तांदूळ बरा. १७० रुपये तेवढेच राहतात, तांदूळ मात्र चढतो. आणि तांदळाच्या जोडीला डाळ-तेल मिळावे, कारण घराची तारांबळ होते ती तेथेच.

तीन, आपलेच परसू. या तालुक्यात कोन, मुडली, कणंग असे कंद पिकतात, त्यांचा मेळावा जोयड्यात भरतो आणि बाहेरचे लोक पिशव्या भरून नेतात. पावसाळ्यात भाजी महाग म्हणून आपण ओरडतो, पण ज्या घरांत परसात अळू, भोपळा, चवळी आणि माळ्यावर कंद, सांडगे, आमसूल असे, त्या घरांना जुलैचा टोमॅटो कधी कळलाच नाही. मी उपदेश करत नाही, माझ्याही परसात सध्या मोटारसायकल उभी असते. पण कंद पिकवणाऱ्या कुणबी बांधवांना तालुक्यातच बारमाही गिऱ्हाईक मिळाले तर दोघांचाही फायदा आहे.

आता निकाल. काका, एक भाजी चढली म्हणजे महागाई नव्हे, हे तुमचे बरोबर. गुरुजी, अन्नाची वाढ लांबली, पसरली आणि मजुरीत-तिकिटात शिरली की महागाई आली, हे तुमचे बरोबर. चूक एवढीच की तुम्ही दोघे वेगवेगळ्या वर्षांबद्दल बोलत होता. काका २०२३ चे बोलत होते, गुरुजी २००९ चे. आणि ज्याला भत्ता नाही तो कोणत्याही वर्षाचा असो, त्याचा कांदा आजच महाग आहे. व्याजदर ठरवणाऱ्यांना थांबून पाहता येते. त्याला थांबता येत नाही. म्हणून दराची घाई करू नये आणि रेशनची दिरंगाई करू नये, असे मला वाटते.

चहा तयार असेल. मागच्या वेळेसारखा निवू देऊ नये, दूध महागले आहे.